बातमी कुठवर आली आहे, ते आधी बघा

२७ जानेवारी २०२४ला वाशीत गुलाल उधळला गेला. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हातून मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटलांनी कागद स्वीकारला आणि गावोगावच्या ग्रुपवर एकच ओळ फिरू लागली: सगेसोयऱ्यांचा अध्यादेश निघाला. बाजूच्यांनी अभिनंदनाचा पाऊस पाडला, विरोधातल्यांनी शिव्याशाप. पण तो अध्यादेश नव्हताच. जातप्रमाणपत्राच्या २०१२च्या नियमांत बदल सुचवणारा तो अधिसूचनेचा मसुदा होता आणि त्यावर १६ फेब्रुवारीपर्यंत हरकती मागवल्या होत्या. म्हणजे दोन्ही बाजू ज्यावर भांडत होत्या, ते अजून घडलंच नव्हतं.

बातमी खोटी म्हणावी तर तसंही नाही. कागद खरा, समारंभ खरा, फोटोही खरे. फक्त गाडी दादरला होती आणि लोकांनी ती पुण्याला पोचल्याचं जाहीर केलं. ग्रुपवरच्या निम्म्याहून जास्त भांडणांचं मूळ हेच असतं, असं माझं मत आहे. धादांत खोटी बातमी कुणीतरी पकडतंच. अर्ध्या वाटेवरची बातमी मात्र शिकलेली, जबाबदार माणसंही बिनधास्त पुढे ढकलतात. म्हणून ‘खरं की खोटं’ हा प्रश्न थोडा मागे ठेवा आणि ‘ही बातमी कुठवर आली आहे’ हे आधी विचारा. राजकारण, कोर्ट, विज्ञान, पाऊस, सगळीकडे हा प्रश्न चालतो. उत्तर शोधायची रीत मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे.

सुरुवात तारखेपासून

मथळा वाचायच्या आधी तारीख शोधा. लिंक असेल तर ती उघडा. वर तारीख असते, ‘अद्ययावत’ असं लिहून दुसरीही असते, त्यातली पहिली महत्त्वाची. स्क्रीनशॉट आला असेल आणि त्यात तारीख नेमकी कापलेली असेल, तर ती कापली गेली की कापली, हा विचार करा. मथळ्यातले चार-पाच शब्द जसेच्या तसे गुगलवर टाकले तर मूळ बातमी बहुधा मिनिटभरात सापडते.

दर पावसाळ्यात कोल्हापूर-सांगलीच्या २०१९च्या पुराचे व्हिडिओ ‘आत्ताची परिस्थिती’ म्हणून नव्याने फिरू लागतात. पाठवणाऱ्याच्या मनात पाप नसतं. पण मुंबईत नोकरीला असलेला मुलगा ते बघून रात्रीची एसटी पकडतो.

व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण दिसली, तर तो मजकूर तुमच्यापर्यंत येण्याआधी किमान पाच हातांतून गेला आहे. असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ही मर्यादा एप्रिल २०२० मध्ये आली. खूण दिसली म्हणजे मजकूर खोटा, असं नाही. ज्याने तुम्हाला पाठवला त्यालाही तो कुठून आला हे ठाऊक नाही, एवढंच त्यातून कळतं. तेवढं पुरे आहे. ‘कुठून मिळालं?’ या प्रश्नाचं उत्तर ‘दुसऱ्या ग्रुपवर आलं होतं’ असं आलं की हात आवरता घ्यायचा.

सरकारी बातमी: भाषण, निर्णय, जीआर

आपल्याकडे सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

राज्य सरकारची एखादी गोष्ट साधारण अशी सरकत येते. मंत्री सभेत किंवा पत्रकारांशी बोलताना सांगतात. मग ती मंत्रिमंडळासमोर येते, मंजूर होते आणि प्रसिद्धिपत्रक निघतं. त्यानंतर संबंधित विभाग शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर, काढतो. पैसा लागणार असेल तर अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत तशी तरतूद व्हावी लागते. या प्रत्येक टप्प्यावर वर्तमानपत्रात मथळा येतो आणि बऱ्याचदा सगळे मथळे एकसारखेच असतात: ‘सरकारचा मोठा निर्णय’. एकाच निर्णयाचं तीनदा अभिनंदन झालेलं तुम्हीही पाहिलं असेल.

जीआर खरा आहे का, हे तपासणं मुळीच अवघड नाही. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ असा विभाग आहे. तिथे खातं आणि तारीख टाकून शोधता येतं. कागद हातात आला की वरती विभागाचं नाव, क्रमांक आणि दिनांक बघा. मग ‘वाचा’ म्हणून आधीच्या कागदांची यादी असते, त्याखाली ‘प्रस्तावना’ आणि मग ‘शासन निर्णय’. घाईत वाचणारे प्रस्तावनेतलंच वाक्य उचलतात. तिथे सरकार पार्श्वभूमी सांगत असतं. बंधनकारक भाग ‘शासन निर्णय’ या शीर्षकाखाली असतो. शेवटी संकेतांक, म्हणजे संकेतस्थळावर तो कागद शोधायचा क्रमांक, दिलेला असतो आणि कागद डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केल्याचं लिहिलेलं असतं. फिरणाऱ्या पीडीएफमध्ये संकेतांकच नसेल किंवा तो टाकून काही सापडत नसेल, तर थांबा.

२०२५ मधलं पहिलीपासून हिंदीचं प्रकरण या दृष्टीने तारखांसकट पुन्हा पाहण्यासारखं आहे. १६ एप्रिलच्या जीआरने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली ते पाचवी हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. गदारोळ झाला. एप्रिलच्याच उत्तरार्धात शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी ‘अनिवार्य’ या शब्दाला स्थगिती देत असल्याचं सांगितलं आणि ग्रुपवर ‘हिंदी सक्ती मागे’ असे फलक फिरले. सुधारित जीआर निघाला तो १७ जूनला. त्यात ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ आलं होतं. दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर इयत्तेतल्या किमान २० विद्यार्थ्यांनी तशी इच्छा दाखवावी, अशी अट होती. मग पुन्हा आंदोलन, आणि २९ जूनला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दोन्ही जीआर रद्द करत असल्याचं जाहीर करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

मे महिन्यात या विषयावर तुम्ही काही लिहिलं असतं, तर ‘मंत्री म्हणाले स्थगिती, कागद अजून निघालेला नाही’ एवढं एक वाक्य जोडल्याने तुमचं मत पाचपट वजनदार झालं असतं. मग तुम्ही हिंदीच्या बाजूचे असा की विरोधातले.

आश्वासनाची तर वेगळीच गंमत. लाडक्या बहिणीचे १५०० रुपये २८ जून २०२४च्या जीआरमध्ये लिहिलेले आहेत. २१०० हा आकडा त्याच वर्षीच्या विधानसभा प्रचारातल्या आश्वासनातून आला. ‘योजनेचे २१०० मिळणार होते’ आणि ‘योजनेचे २१०० मंजूर होते’ या दोन वाक्यांत क्रियापद सोडलं तर फरक दिसत नाही, पण त्यावर गावच्या पारावर दोन तास वाद होऊ शकतो.

कायद्याची वाट याहून लांब. विधेयक मांडलं जातं, दोन्ही सभागृहांत मंजूर होतं, राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची संमती लागते, ते राजपत्रात छापून येतं, अंमलाची तारीख ठरते आणि शेवटी नियम येतात. यातल्या कुठल्याही थांब्यावर ते अडकू शकतं. महिला-बालकांवरच्या अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती काही मिळाली नाही. तरी एखादी भयंकर घटना घडली की ‘शक्ती कायदा कुठे गेला?’ असे संदेश येतात. तो कायदा झालाच नाही, हे त्यात नसतं. उलट उदाहरण नागरिकत्व दुरुस्तीचं. कायदा डिसेंबर २०१९चा, नियम ११ मार्च २०२४चे. मधली चार वर्षं एक बाजू ‘लागू झाला’ म्हणून घाबरत होती आणि दुसरी ‘लागू झाला’ म्हणून आनंदात होती.

अध्यादेश आणि अधिसूचना यांत तर वार्ताहरही घसरतात. विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना राज्यपाल काढतात तो अध्यादेश. त्याला कायद्याचंच बळ असतं, पण पुढच्या अधिवेशनात तो मांडावा लागतो आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं कायद्यात रूपांतर झालं नाही तर तो संपतो. अधिसूचना म्हणजे असलेल्या कायद्याखाली सरकारने जाहीर केलेली गोष्ट. तिच्या आधी ‘मसुदा’ किंवा ‘प्रारूप’ असेल, तर ती अजून विचाराधीन आहे.

केंद्राच्या विधेयकांसाठी पीआरएस या संस्थेचं संकेतस्थळ मला सर्वांत सोयीचं वाटतं. विधेयकाचा मजकूर, थोडक्यात सार आणि ते कुठवर आलं आहे, हे एका पानावर मिळतं.

कोर्टाची बातमी

इथे एकच गोष्ट पाळली तरी खूप: न्यायाधीश बोलले की लिहिलं? सुनावणीत न्यायमूर्ती वकिलांना प्रश्न विचारतात, टोमणे मारतात, शंका काढतात. ‘न्यायालयाने सरकारला फटकारलं’ हा मथळा त्यातून तयार होतो. संध्याकाळी आदेश येतो तेव्हा त्यात त्यातलं काहीच नसतं, असंही होतं.

दुसरं, आदेश अंतरिम, म्हणजे निकालापर्यंत तात्पुरता, आहे की अंतिम. १५ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने वक्फ दुरुस्ती कायद्यावर आदेश दिला. एका ग्रुपवर ‘वक्फ कायद्याला स्थगिती’, दुसऱ्यावर ‘स्थगितीला नकार’. दोन्हींत थोडं थोडं खरं होतं. पूर्ण कायदा थांबवायला न्यायालयाने नकार दिला, पण काही तरतुदी थांबवल्या. उदाहरणार्थ, वक्फ करणारी व्यक्ती किमान पाच वर्षं इस्लामचं पालन करणारी असावी ही अट, त्यासंबंधीचे नियम होईपर्यंत. आणि मूळ खटला त्या दिवशी संपलेला नव्हता. हे सगळं तीन ओळींत मावतं. पण त्या तीन ओळी कुणालाच जिंकू देत नाहीत, म्हणून त्या फिरत नाहीत.

फौजदारी बातम्यांत क्रम लक्षात ठेवा: तक्रार, गुन्हा दाखल, अटक, आरोपपत्र, आरोपनिश्चिती, निकाल, अपील. अटक झाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला नाही. जामीन मिळाला म्हणजे निर्दोष सुटका झाली नाही. आपल्या पक्षाच्या माणसाला जामीन मिळाला की ‘सत्याचा विजय’ आणि समोरच्याच्या माणसाला मिळाला की ‘सेटिंग’, हा मराठी समाजमाध्यमांचा अलिखित नियम आहे. तो तुम्ही तरी मोडून पाहा.

विज्ञानाची बातमी जिथे थांबते तिथेच थांबा

जानेवारी २०२५च्या पहिल्या आठवड्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातून बातमी आली. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत गळून टक्कल पडत होतं. पहिल्याच दिवशी वाहिन्यांनी ‘टक्कल व्हायरस’ म्हणून टाकलं. विषाणू कुणी पाहिला नव्हता. मग शाम्पूवर संशय गेला. मग पाण्यावर; नमुने तपासायला गेले. आरोग्य विभागाच्या तपासणीत बुरशीजन्य संसर्गाची शक्यता पुढे आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक आलं. फेब्रुवारीत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, विंचूदंशावरच्या कामामुळे महाराष्ट्र ज्यांना ओळखतो त्यांनी, वेगळं उत्तर मांडलं: रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचं प्रमाण जास्त आहे आणि त्याचा माग रेशनच्या गव्हापर्यंत जातो.

आता पाहा, महिना-दीड महिन्यात एकाच घटनेची किमान चार ‘कारणं’ झाली. प्रत्येक कारण त्या दिवशी ग्रुपवर ठामपणे फिरलं. यात शास्त्रज्ञांचं काही चुकलं नाही. शक्यता मांडायची आणि पुराव्याने खोडायची, काम असंच चालतं. चूक होते ती आपण शक्यतेला निष्कर्ष म्हणतो तेव्हा. आणि त्याची किंमत कुणीतरी मोजतं. त्या गावांतल्या मुलामुलींची ठरलेली लग्नं मोडल्याचं, शिक्षणात खंड पडल्याचं बावस्करांनीच सांगितलं होतं. ‘व्हायरस’ शब्द फिरवणाऱ्यांना याची कल्पनाही नसेल.

तेव्हा विज्ञानाची किंवा आरोग्याची बातमी आली की चार गोष्टी विचारा. प्रयोग कुणावर झाला: पेशींवर, उंदरांवर की माणसांवर, आणि माणसं असतील तर किती? शोधनिबंध तज्ज्ञांच्या तपासणीनंतर नियतकालिकात छापून आला आहे, की लेखकांनी स्वतःच आधी इंटरनेटवर ठेवला आहे? दुसऱ्या कुणी तेच करून पाहिलं का? आणि आकडा असेल तर तो कशाच्या तुलनेत?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सांगितलं की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्ल्याने आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. पुष्कळांनी ते ‘शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग’ असं वाचलं. समजा, एरवी शंभरातल्या पाच जणांना हा आजार होतो. त्यात १८ टक्के वाढ म्हणजे पाचाचे जवळपास सहा. शिवाय हे मांस तंबाखूच्या गटात टाकलं गेलं, तर ‘सॉसेज म्हणजे सिगरेट’ असे मथळे आले. तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे नाही. आपल्याकडच्या शाकाहार-मांसाहाराच्या वादात ही बातमी अजूनही मधूनमधून उगवते, तेव्हा हा हिशेब जवळ ठेवा. आणि हो, यातून ‘काहीच धोका नाही’ असंही निघत नाही.

अवकाशातल्या बातम्यांत धोका कमी, मोह जास्त. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या चमूने १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी ग्रहाच्या वातावरणात डायमिथिल सल्फाइडच्या खुणा दिसल्याचं जाहीर केलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः सागरी सूक्ष्मजीवांमुळे तयार होतो. मथळा झाला: परग्रहावर जीवसृष्टी! सिग्मा हे निरीक्षण निव्वळ योगायोग नसल्याची खात्री मोजायचं माप. चमूने स्वतःच ही पातळी तीन सिग्मा असल्याचं म्हटलं होतं; शोध लागला असं म्हणायला पाच सिग्मा लागतात. पुढे इतर गटांनी तीच निरीक्षणं पुन्हा तपासली, तर त्यांना तेवढा ठोस पुरावा दिसला नाही. बातमी शेअर करायला हरकत काहीच नाही, फार सुंदर बातमी आहे. फक्त ‘खुणा, अजून खात्री नाही’ एवढं सोबत जाऊ द्या.

पाऊस

दोनच गोष्टी. हवामान खात्याचा रंगीत इशारा हा विशिष्ट जिल्ह्यासाठी, विशिष्ट दिवसासाठी असतो. कालचा नकाशा आज पाठवला की तो अफवाच. आणि दणकून पडलेला प्रत्येक पाऊस म्हणजे ढगफुटी नव्हे. हवामानशास्त्रात लहान क्षेत्रात तासाभरात १०० मिलीमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो शब्द वापरतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पडला, त्याच दिवशी कुलाब्याला १०० सुद्धा नव्हता. तेव्हा ‘मुंबईत इतका पाऊस’ लिहिताना ठिकाण आणि तास दोन्ही लिहा.

निकालाचे आकडे

लोकसभा २०२४ मध्ये महाराष्ट्रात महाविकास आघाडीला ३० जागा, महायुतीला १७. यावरून ‘जनतेने झिडकारलं’ असं लिहिलं गेलं. दोघांच्या मतांच्या टक्केवारीतला फरक एका टक्क्याहूनही कमी होता. जागा आणि मतं हे दोन वेगळे हिशेब आहेत, वाक्यात कुठला वापरताय ते सांगा. मतदानोत्तर चाचण्यांचं तर बोलायलाच नको. त्याच निवडणुकीत बहुतेक चाचण्यांनी रालोआला ३५०च्या वर नेलं होतं, प्रत्यक्षात २९३ आल्या.

फोटो, व्हिडिओ, कात्रण

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. त्या उन्हाळ्यात देशभर मुलं पळवण्याचे व्हिडिओ फिरत होते. त्यातला एक गाजलेला व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेच्या जनजागृतीपटातून कापलेला होता. मूळ चित्रफितीत दुचाकीवरचे लोक मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. फिरणाऱ्या व्हिडिओत तो शेवट कापलेला होता.

हे सांगायचं कारण असं की मुलं पळवणं, अवयव चोरणं, दुसऱ्या धर्माच्या लोकांनी काही केलं, अन्नात विष, अशा विषयांच्या चित्रफिती इतर बातम्यांच्या रांगेत बसत नाहीत. इथे शंका असेल तर पाठवायचंच नाही. ‘सावध राहिलेलं बरं’ हे कारण राईनपाड्यानंतर चालणार नाही.

तपासायचं कसं? व्हिडिओ मध्येच थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्सवर टाका. तोच प्रसंग आधी कुठे, कधी आला होता ते दिसतं. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटा, लोक कुठली भाषा बोलताहेत, हे कान-डोळे उघडे ठेवून बघा. व्हिडिओ अचानक सुरू होऊन अचानक संपत असेल, तर आधी-नंतर काय होतं ते विचारा. आवाजाची क्लिप असेल तर अलीकडे त्यावर विश्वास ठेवायचाच नाही असं मी ठरवलं आहे. कुणाचाही आवाज यंत्राकडून बनवून घेता येतो.

वर्तमानपत्राच्या कात्रणाला आपल्याकडे अजून फार मान आहे. नेमका त्याचाच फायदा घेतला जातो, कारण नकली कात्रण बनवून देणारी संकेतस्थळं आहेत. कात्रणावर वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, वार्ताहराचा उल्लेख आहे का? शेजारच्या बातमीचा तुकडा दिसतो का? टंक नेहमीचा आहे का? ई-पेपर उघडून त्या तारखेचं पान बघितलं की प्रश्न मिटतो. वाहिनीच्या ‘ब्रेकिंग’ पट्टीसाठी त्या वाहिनीचं अधिकृत खातं बघा.

इतकं करायला वेळ नसेल तर फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर यांसारख्या तपासणी करणाऱ्या संस्था मराठीतही लिहितात. दावा तिथे शोधा. पीआयबीचं फॅक्ट चेक खातंही आहे, पण ते केंद्र सरकारचं आहे आणि केंद्र सरकारविषयीचेच दावे तपासतं, हे धरून चाला.

आता लिहायचं कसं

नुसती लिंक टाकून खाली ‘विचार करायला लावणारं’ लिहिणं, याचा उपयोग शून्य. दोन-चार ओळी स्वतःच्या लिहा. मी हा क्रम ठेवतो: काय झालं आणि कधी, बातमी कुठल्या टप्प्यावर आहे, मग ‘माझं मत’ असं स्पष्ट लिहून मत. वक्फच्या आदेशावर असं लिहिता येईल:

‘सर्वोच्च न्यायालय, १५ सप्टेंबर २०२५, अंतरिम आदेश. पूर्ण कायद्याला स्थगिती नाही, काही तरतुदींना आहे. खटला चालू राहणार. माझं मत: पाच वर्षांची अट थांबवली हे योग्यच, कारण ती तपासणार कोण आणि कशी, हेच ठरलेलं नव्हतं.’

याच्या नेमकं उलटं मत असलेला माणूसही पहिली तीन वाक्यं जशीच्या तशी ठेवेल. तसं होत नसेल, तर तुमच्या माहितीत मत घुसलं आहे. हीच कसोटी लावून लिहिलेलं एकदा वाचून बघा. ‘नेहमीप्रमाणे’, ‘अखेर’, ‘तथाकथित’, ‘नाटक’ असे शब्द पहिल्या तीन वाक्यांतून आपोआप गळतील.

मत मांडताना माणसाच्या जातीवर, आडनावावर, दिसण्यावर जाऊ नका. हे सभ्यतेसाठी आहेच, शिवाय व्यवहाराचंही आहे: आडनाव आलं की पुढच्या पन्नास संदेशांत मूळ बातमीचं नावही निघत नाही. ‘हे मीडिया दाखवणार नाही’ हेही वाक्य टाळा. बहुतेक वेळा ते मीडियानेच दाखवलेलं असतं.

काकांना कसं सांगायचं

खरी कसोटी घरच्या ग्रुपवर. चुकीचं पाठवणारे बहुधा वयाने मोठे असतात, आणि सर्वांसमोर खोडून काढलं की विषय बातमीचा राहत नाही, मानाचा होतो. म्हणून आधी खासगीत. ‘काका, तो पुराचा व्हिडिओ २०१९चा निघाला बरं का, ही मूळ लिंक. ग्रुपवर तुम्हीच सांगाल का?’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. दुरुस्ती त्यांनी केली की मान त्यांचाच राहतो आणि पुढच्या वेळी ते तुम्हाला आधी विचारतात.

अपवाद वर सांगितला तोच. मुलं पळवणं, दंगल, औषध बंद करायला सांगणारा उपाय, अशा संदेशाने आजच कुणाला इजा होऊ शकत असेल, तर थेट ग्रुपवर, पण एका वाक्यात आणि पुराव्यासह. ‘मामा, ही अफवा आहे, पोलिसांनी कालच खुलासा केलाय, लिंक खाली.’ त्यावर कुणी वाद घातला तरी तिसऱ्या उत्तरानंतर गप्प बसायचं. ग्रुपवर वाचणारे चाळीस असतात, बोलणारे चार. तुम्ही त्या छत्तीस जणांसाठी लिहिलं आहे.

कायदा, थोडक्यात

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ए सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला रद्द केलं. त्या खटल्यामागे पालघरची २०१२ची घटना होती. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. ते कलम गेलं म्हणून सगळं माफ झालं, असं नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजांत वैर वाढवणाऱ्या मजकुरासाठी कलम १९६ आहे आणि अफवा पसरवण्यासाठी ३५३. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं कलम ७२ खाली गुन्हा आहे. संतापाच्या भरात तिचा फोटो लावून ‘न्याय द्या’ म्हणणारेही त्यात येतात.

खाली ‘जसं आलं तसं पाठवलं’ लिहिलं की सुटलो, असा समज आहे. अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये तो मानला नाही. पुढे पाठवणारा त्या मजकुराला जबाबदार असतो असं म्हटलं, आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दिलासा दिला नाही. ॲडमिन मंडळींना मात्र थोडा श्वास घ्यायला जागा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं की समान हेतू किंवा आधीचं संगनमत नसेल, तर सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही.

चूक झाली तर

व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून १५ मिनिटांत संदेश दुरुस्त करता येतो आणि साधारण दोन दिवसांत सर्वांसाठी डिलीट करता येतो. पण नुसतं डिलीट करू नका. वाचलेल्यांच्या डोक्यातून ते जात नाही. त्याच ग्रुपवर, ‘सकाळी पाठवलेली बातमी जुनी होती, मूळ ही’ असं लिहा. जिथे जिथे पाठवलं होतं तिथे सगळीकडे.

बातमी मसुद्यावर असेल तर

टप्पा ओळखण्याचा एक फायदा फार कमी लोक घेतात. ‘मसुदा’, ‘प्रारूप’, ‘हरकती व सूचना’, ‘संयुक्त समितीकडे’ असे शब्द दिसले, म्हणजे अजून तुमचं मत सरकारदरबारी जाऊ शकतं. महाराष्ट्राचं जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे होतं तेव्हा १२ हजारांहून जास्त सूचना आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झालं तेव्हा मूळ मसुद्यात काही बदल झालेले होते. ते बदल पुरेसे होते का, यावर वाद आहेच.

हरकत पाठवायची तर ग्रुपवरची भाषा तिथे चालत नाही. अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख वर लिहा. कुठल्या कलमावर किंवा नियमावर हरकत आहे, तो शब्दशः उतरवा. हरकत का, ते चार-पाच वाक्यांत. त्याऐवजी काय असावं, तेही लिहा. नुसता विरोध बाजूला पडतो. नाव, पत्ता, सही. एकाच मजकुराच्या शंभर प्रती पाठवण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या अनुभवातून वेगवेगळं लिहिलेलं जास्त वाचलं जातं. पत्ता, ईमेल आणि शेवटची तारीख अधिसूचनेतच असते. टपालाने पाठवत असाल तर तारखेच्या चार दिवस आधी स्पीड पोस्ट करा आणि पावती जपून ठेवा. ईमेल केला असेल तर पोच मागा.